मापाचा ब्लाऊज

तिनं पिशवीतून ब्लाऊज काढला आणि डॉक्टरच्या टेबलावर पसरला. पोपटी रंगाचा, अस्तर लावलेला. हातानं त्याच्या सुरकुत्या मोडल्या. शिंप्याकडं मापाला ब्लाऊज देतात, तसा.

"माझ्या पोरीचा हाय," ती म्हणली. "ह्या मापाचं करा."

ती म्हणजे माझी होणारी सासू. नांदेडचा खाजगी दवाखाना. तिसरा मजला, एसी चालू. टेबलापुढं खुर्च्या तीनच. एकीवर ती. एकीवर तिचा मुलगा, ज्याच्याशी माझं लग्न ठरलं होतं. तिसरीवर माझा बाप, कडेला टेकून, कोणी ऊठ म्हणलं तर लगेच उठता यावं असा. मी उभी होते. जिच्या शरीराचं बोलणं चाललं होतं ती उभी.

डॉक्टर बाई होत्या, पन्नाशीच्या. त्यांनी ब्लाऊजला हात लावला नाही. माझ्याकडं बघून विचारलं, तुम्हाला काय पाहिजे?

मी तोंड उघडायच्या आत बाप बोलला. "तिला काय कळतंय डॉक्टर. पावणे म्हणतील तसं करा."

मुलानं मोबाईलमधून डोकं वर काढलं नाही. "आई म्हणती तसं करा," तो म्हणला. "पण लई बी बारीक नको."

मी लातूरला एका क्लासमध्ये बायोलॉजी शिकवते. भरगच्च हॉलमध्ये माईक लावून हृदयाची आकृती काढते, कुठल्या कप्प्यातून रक्त कुठं जातं ते सांगते. त्या दिवशी माझं स्वतःचं रक्त कानात वाजत होतं आणि माझ्या छातीचं माप दुसरेच ठरवत होते.

माझं गाव देवणीच्या बाजूला आहे. देवणी म्हणलं की लोकांना जनावर आठवतं. आमच्याकडच्या गायी-बैलांना नाव आहे, लांबून माणसं बघायला येतात. दात बघतात, कास बघतात, पाठीवर थाप मारतात, मग भाव करतात. कॉलेजला गेल्यापासून गावात मला देवणी म्हणायचे.

माझं अंग बाकी हाडकुळं. सगळं वजन छातीला. खांद्यांवर पट्ट्यांच्या खाचा पडलेल्या, बोट मावेल एवढ्या. उन्हाळ्यात छातीखाली घाम साचून कातडी सोलायची, चट्टे पिकायचे, ओढणीला वास यायचा. पालथं झोपणं माहीत नाही. पळणं माहीत नाही. फळ्याच्या वरच्या ओळीला हात नेला की मानेतून कळ निघायची आणि बोटं बधिर व्हायची. खडू हातातून पडायचा. मागची पोरं हसायची. त्यांना वाटायचं मॅडम घाबरल्या.

पण वजनाचं दुखणं वेगळं आणि देवणीचं दुखणं वेगळं.

माझा बाप गावातल्या एका बड्या मालकाकडं सालगडी. मी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होते. दिवाळीच्या सुट्टीत घरी आलेली. सकाळी बापाबरोबर डेअरीवर दूध घालायला गेले. कट्ट्यावर मालकाचा मुलगा बसला होता, पाय पसरून, चार टवाळ भोवती. त्यानं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. मग माझ्या बापाला विचारलं.

"काय रे, ही तुझी देवणी किती लिटर देती?"

सगळे हसले. दूध मोजणारा हसला. रांगेतल्या बायांनी पदर तोंडाला लावला.

आणि माझा बाप हसला.

जोरात नाही. तोंड वाकडं करून, मान खाली घालून, मालक हसला की हसायचं असतं तसं. मला त्याचे दात दिसले. त्या हसण्यातच सगळं आलं. ज्याची जमीन त्याचं तोंड. बाकीच्यांनी आपापल्या पोरी घेऊन खाली बघायचं.

घरी आले. विळा घेतला आणि न्हाणीत जाऊन दार लावलं. मायला काय कळलं कोण जाणे, तिनं लाथेनं कडी तोडली. विळा हिसकावला. त्या झटापटीत तिचाच तळहात कापला. रक्त तिचं सांडलं. मला म्हणली, "तुझं अंग हाय गं. त्याचं न्हाई." मला तेव्हा ते नीट कळलंही नाही. मी भिंतीला डोकं आपटत राहिले.

पुढं शिकले, लातूरला नोकरी लागली, खोली केली. लग्नाचं वय जाऊ लागलं तशी बापानं मालकाकडं शब्द टाकला. मालकानं नांदेडकडची त्याच्याच पावण्यांतली सोयरीक आणली. जमीनदार माणसं. पोरगी कमावती हाय, हे त्यांना आवडलं. बाकीचं आवडलं नाही. बघण्याच्या कार्यक्रमाला होणारी सासू मला आतल्या खोलीत घेऊन गेली, पदर सरकवायला लावला, आणि बाहेर येऊन अट सांगितली. लग्नाआधी ऑपरेशन करून घ्या. चारचौघांत बरं दिसत न्हाई.

मी हो म्हणले. हे लपवत नाही. त्या ओझ्यातून सुटायचं होतं. मनात म्हणलं, कारण त्यांचं असंना, पाठ तर माझी सुटंल. ऑपरेशन झालं की सगळंच संपेल असं मी धरून चालले होते. नाव जाईल, नजरा जातील. डेअरीवरची ती सकाळसुद्धा जाईल.

म्हणून मी त्या केबिनमध्ये उभी होते. आणि टेबलावर तो ब्लाऊज.

डॉक्टरांनी परत मलाच विचारलं. या वेळी बापाला हातानं थांबवलं.  मी पुढं झाले आणि ब्लाऊज उचलला.

"नीट धर," सासू म्हणली. "नवा हाय."

मी दोन्ही बाह्या धरल्या आणि ओढल्या. पाठीची शिवण उसवली. त्याचा आवाज सगळ्या खोलीत ऐकू आला. मग हूक तुटले. मग अस्तर. ती उठली आणि माझ्या कानाखाली मारली. अंगठीचा खडा गालाला लागला. मी तिचा हात धरून बाजूला फेकला तशी ती खुर्चीवर आदळली. मुलगा आता मोबाईल ठेवून उठला. त्यानं मागून माझी वेणी मुठीत धरली आणि मला दाराकडं ओढलं. माझी मान आधीच रोज दुखणारी. डोळ्यापुढं पांढरं झालं. मी कोपर मागं हाणलं, सगळ्या ताकदीनं, जिथं लागेल तिथं. त्याच्या तोंडात बसलं. वेणी सुटली. तो ओठ धरून खाली बसला, बोटांतून रक्त फरशीवर.

वॉचमन आला. डॉक्टरांनी त्याला सांगितलं, या तिघांना बाहेर काढ. त्या तिघांत माझा बापही होता. मी त्याच्या मागं गेले. गेले नसते तर बरं झालं असतं.

खाली गाड्या लावायच्या जागेत पावणे गाडीत बसून निघून गेले. जाताना मुलगा काच खाली करून थुंकला. लाल. बाप धावत गाडीमागं गेला, हात जोडून. मग परत आला आणि पायातली चप्पल काढली. पहिली खांद्यावर बसली. दुसरी तोंडावर. लोक बघत होते. मालकाला काय तोंड दाखवू, एवढंच तो म्हणत होता आणि मारत होता.

तिसऱ्या वेळी मी त्याचं मनगट धरलं. एवढं बारीक मनगट. आयुष्यभर दुसऱ्याच्या रानात राबून वाळलेलं. मोडलं असतं. मला ते मोडावंसं वाटलं, खोटं कशाला बोलू.

"त्या दिशी डेअरीवर तू हसलास, आबा," मी म्हणले. "तवा ही चप्पल कुठं होती?"

तो थांबला. चप्पल हातातून पडली.   त्यानं चप्पल पायात घातली आणि बसस्टँडकडं चालू लागला. मी पुन्हा वर गेले.

डॉक्टरांनी गालाला कापूस लावला. मी म्हणले, करा ऑपरेशन, आजच करा, साफ कापून टाका, काही ठेवू नका. त्या म्हणल्या, रागात असलेल्या बाईला मी सुरी लावत नाही. मग त्यांनी कागद ओढून चित्र काढलं. मी वर्गात काढते तसं. स्तनाग्र वर सरकवावं लागतं, म्हणल्या, आणि त्याला रक्त पुरवणारं मांस सोबत ठेवावंच लागतं. हावरटपणानं सगळं काढलं तर ते काळं पडून झडतं. व्रण राहणार. स्तनाग्राभोवती, तिथून खाली आणि खालच्या घडीत आडवा. दोन्ही बाजू काटेकोर सारख्या होतीलच असं नाही. स्पर्श कमी होऊ शकतो. पुढं लेकराला पाजता येईल का, सांगता येत नाही. सूज उतरायला महिने लागतात, तोवर खरा आकार कळत नाही.

मी नंबर विचारला. दुकानात मागतात तो.

"नंबर मी देत नाही," त्या म्हणल्या. "ब्लाऊजवरूनही करत नाही, नंबरावरूनही नाही. तुमच्या खांद्याला पेलेल एवढं ठेवीन."

मग लोक बघायचे थांबतील का, हेही मी विचारलं. लाज वाटत होती, पण विचारलं. 

"नाही थांबणार. त्यासाठी करत असाल तर करू नका."

मला त्या डॉक्टरबाईचाही राग आला. एवढं सोसून इथवर आले आणि ही म्हणते, अर्धंच मिळेल. लातूरच्या बसमध्ये खिडकीवर कपाळ टेकून मी तिलाही शिव्या दिल्या. पण घरी येऊन आडवी झाले, तर तेच वाक्य डोक्यात. मी एका सुरीकडून दोन कामं मागत होते. मांस कापायचं आणि माणसं कापायची. पहिलं होणार होतं. दुसरं मलाच करावं लागणार होतं, आणि तेही रोज.

काही आठवड्यांनी मी एकटी गेले. माय मागून आली, बापाला न सांगता. ऑपरेशनच्या सकाळी डॉक्टरांनी मला उभं करून पेनानं अंगावर रेषा काढल्या. प्रत्येक रेष काढण्याआधी विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या अंगाबद्दल कोणी मला विचारून काही केलं.

शुद्धीवर आले तेव्हा छातीवर विस्तव ठेवल्यासारखं. दोन्ही बगलांतून नळ्या, त्यातून लाल पाणी. हात उचलेना. माय विचारत होती, लई कापलं का गं. मी म्हणले, लागत होतं तेवढंच.

पट्टी उघडली तेव्हा मात्र मी ओरडले. काळंनिळं, सुजलेलं, टाक्यांनी शिवलेलं. आणि अजून मोठंच. एक बाजू किंचित वर. मला वाटलं फसवलं. सगळं ऐकलेलं होतं, तरी मनात कुठंतरी ते सपाट चित्र धरून बसले होते. ते त्या आरशात मेलं. डॉक्टर म्हणल्या, सूज आहे, थांबा. मी थांबले. सूज गेली. लहान झालं, पण शेजारच्या बायांसारखं नाही, सिनेमातल्यासारखं तर नाहीच. व्रण आहेत. डाव्या बाजूला अजून बधिर आहे. खांद्यांवरच्या खाचा बुजल्या नाहीत, पण आता दुखत नाहीत. मी पालथी झोपते. फळ्याच्या वरच्या ओळीला लिहिते आणि खडू पडत नाही.

क्लासवर परत गेले. क्लासचे मालक, ज्यांना सगळे सर म्हणतात, त्यांनी मला ऑफिसमध्ये बोलावलं. समोरच्या भिंतीवर यंदाचा फ्लेक्स होता. सगळ्या शिक्षकांचे फोटो, माझा नाही. दरवर्षीच नसायचा. मी कधी विचारलं नव्हतं, कारण उत्तर माहीत होतं. सर हसून म्हणले, "मॅडम, आता तुमचा फोटो टाकायला काही हरकत न्हाई. मस्त नवा काढून घ्या."

मी म्हणले, "जुना टाका."

त्यांना कळलं नाही.

"ऑपरेशनच्या आधीचा. कंबरेपर्यंत. छातीच्या वर कापायचा न्हाई. तवा पण शिकवत मीच होते."

ते म्हणले, पालक काय म्हणतील. ते म्हणले, गैरसमज होतो तुमचा. मग खुर्चीतून उठून दार दाखवत म्हणले, उद्यापासून बघू आम्ही दुसरं कोणी. त्यांचा हात दाराकडं होता. मी त्या हाताखालून बाहेर आले आणि जाताना तो फ्लेक्स वरच्या कोपऱ्यात धरून खालपर्यंत फाडला. खिळ्यांसकट.

आता त्याच रस्त्यावर, चार दुकानं सोडून, मी भाड्याच्या हॉलमध्ये शिकवते. पोरं कमी आहेत. बाहेर बोर्ड आहे, माझ्या नावाचा, त्यावर तो जुना फोटो. येणारे-जाणारे गाडी हळू करून बघतात. एकानं त्यावर चिखल फेकला होता. एकानं खडूनं घाण लिहिलं. मी बादली आणून पुसते आणि वर्गात जाते.

वजन मला पेलत नव्हतं, ते मी कापून घेतलं. लाज मी कापून घेतलेली नाही, कारण ती माझी नव्हती. ज्यांची आहे त्यांनी ती सांभाळावी. आणि बोर्डापुढं उभं राहून जो तोंड उघडेल, त्यानं आधी माझा हात बघून घ्यावा. तो आता खांद्याच्या वर जातो.