फोन लागल्याशिवाय उठत न्हाई

ओतूरला एसटीतून उतरल्या उतरल्या माझ्या चुलतीच्या, चिमाबाईच्या मोबाइलवर कंपनीचा मेसेज आला. मी वाचून दाखवला : आपल्या तक्रारीचे निराकरण झाले आहे.

"कुणी केलं? कवा केलं?" चुलती भडकलीच. भडकणारच की राव! नऊ दिवस आमच्या डोंगरातल्या वाडीवर रेंजचा पत्ता न्हाई. तिची सून मोहिनी नऊ महिन्यांची गरवार, मुलगा सार्थक चाकणला कंपनीत. कळा सुरू झाल्या तर ॲम्ब्युलन्स बोलवायची कशी, हा एकच घोर. शेजारच्या बयाबाईला सुनेपाशी बसवून ती तरातरा निघाली होती, थेट मोबाइल कंपनीच्या दुकानात.

मॅनेजर म्हणाला, "मावशी, सिस्टीममध्ये तक्रार बंद दिसतेय."

"सिस्टीम करणार का माज्या सुनेचं बाळंतपण? लाव तिला फोन. लागला की उठते." आणि बसली ना खुर्चीवर मांडी ठोकून!

मॅनेजरनं लावला. संपर्क क्षेत्राच्या बाहेर. परत लावला, तेच. तेवढ्यात नवं कार्ड घ्यायला एक जण आला. चिमाबाईनं त्याला गाठलंच. "पावणं, आदी आमचं ऐका, मग कार्ड घ्या." दुपारपर्यंत सात गिऱ्हाइकं तशीच माघारी गेली. मला लई बरं वाटलं, खोटं कशाला बोलू! शेवटी मॅनेजरनं वरच्या हापिसात फोन लावला. नऊ दिवस ज्यांना टॉवरकडं बघायला सवड नव्हती, त्यांनी तासाभरात माणूस धाडला.

चारला तिचा मोबाइल वाजला. मोहिनी!

"लागला मावशी! उठा आता," मॅनेजर म्हणाला.

पलीकडून रडवेला आवाज आला, "आत्या, सकाळपास्नं कळा येत्यात. तुमाला किती फोन लावले..."

दिवसभर ज्या फोनसाठी बसली, तो चिमाबाईनं तिथंच तोडला. "माज्याशी बोलू नको! ठेव, अन् एकशे आठ लाव!"

दहा मिनिटांनी बयाबाईचा फोन आला, ॲम्ब्युलन्स निघालीय म्हणून. तेव्हा कुठं चुलती उठली. दारातून मॅनेजरला म्हणालीच, "आज काय बरंवाईट झालं असतं, तर मी हितनं जन्मात उठले नसते."

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात नात मांडीवर अन् मोबाइलवर पुन्हा मेसेज : आमच्या सेवेला दहापैकी किती गुण द्याल?

"नवनाथ," चिमाबाई मला म्हणाली, "शून्य कुठं दाबायचा रं?"