खिडकीखालची ओल

विल्फ्रेड ऑल्ड्रॉइड माझा शेजारी. इंग्लंडमधल्या बीव्हर्लीत आमच्या दोन घरांमध्ये एकच भिंत आहे, आणि त्या भिंतीतून मी गेली तेहतीस वर्षं त्याच्या बायकोचा खोकला ऐकत आलो आहे. एव्हरिल एका बेकरीत वीस वर्षं कामाला होती. पिठाची धूळ तिच्या छातीत बसली ती बसलीच. विल्फ खेड्यापाड्यांतून फिरत्या वाचनालयाची गाडी चालवायचा. माझं मनोहर हे नाव त्याने पहिल्याच दिवशी मॅनी करून टाकलं आणि त्याबद्दल माफीही मागितली.

माफी मागणं हा त्याचा स्वभावच. एकदा एका बाईने पुस्तक परत केलं, त्याच्या पानांना मुरंबा चिकटलेला. "काही हरकत नाही, बाई," म्हणून विल्फने ते घरी आणलं आणि स्वयंपाकघरात बसून ओल्या फडक्याने एकेक पान पुसलं. हॉटेलात मटण कच्चं निघालं तरी तो मुकाट्याने खाई, आणि वाढणाऱ्या मुलीने विचारलं की म्हणे, "छान आहे." एव्हरिल म्हणायची, "याला विष दिलं तरी हा कपबशी धुऊन परत देईल."

एव्हरिलचं लहानपण फायलीला, समुद्राकाठी गेलेलं. पण लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाला ते स्कारबरोला एका हॉटेलात राहिले, आणि तिथल्या पिसांच्या उशीने आणि जुन्या गालिच्याने तिचा श्वास असा अडकला की रुग्णवाहिका बोलवावी लागली. त्यानंतर चार उन्हाळे ती कुठेच राहायला गेली नाही. परक्या खोलीत झोपायची तिला भीतीच बसली. डॉक्टरांनी बजावलं होतं, धूळ नको आणि ओल तर मुळीच नको. बुरशीने दुखणं उलटलं तर ती पुन्हा सावरेलच असं नाही.

म्हणून कॅरव्हॅन. चाकांवरची खोलीच ती, गाडीच्या मागे जोडायची, समुद्राकाठी नेऊन उभी करायची. उशी आपली, चादर आपली, भिंती आपल्या. कल्पना एव्हरिलचीच. विल्फ त्या हिवाळ्यात वह्या भरभरून टिपणं काढत बसला. त्याचा मेव्हणा ट्रेव्हर गेली अनेक वर्षं कॅरव्हॅन घेऊन हिंडतो. त्याने सांगितलं, "जुनी घेणार असशील तर बाकी सगळं सोड, ओल बघ. सांध्यांतून पाणी आत जातं, आतलं लाकूड कुजतं, आणि वरून कागद मात्र कोरा करकरीत दिसतो. कोपऱ्यांत आणि खिडक्यांखाली अंगठा दाबत जायचं. आत गेला की तिथून निघायचं. आणि सगळं दाबून होईपर्यंत चहाला बसायचं नाही."

"चहाचा काय संबंध?" विल्फने विचारलं.

"तुझ्या बाबतीत आहे."

पहिली पाहिली ती विल्फच्या गाडीला ओढवणारी नव्हती. दुसरीत कुत्र्याचा वास होता. एव्हरिल दारातूनच मागे वळली. तिसरी हॉर्नसीजवळच्या एका गावात, मिसेस थॅकरे म्हणून एक बाई होत्या, त्यांच्या अंगणात. त्यांचा नवरा लेन आदल्या ऑक्टोबरमध्ये वारला होता. दुसरं मत असावं म्हणून विल्फने मलाही बरोबर घेतलं. माझं मत घेण्यासारखं कधीच नसतं, पण गेलो.

आत टेबल मांडलेलं. फुलाफुलांच्या कपबश्या, मनुका घातलेला केक, त्यावर ठेवायला चीजचे काप. बाई म्हणाल्या, "बसा ना. लेन म्हणायचा, कॅरव्हॅन उभं राहून कळत नाही."

विल्फने माझ्याकडे पाहिलं आणि बसला.

एव्हरिल पुढच्या मोठ्या खिडकीशी टेकली. बाईंनी स्वतः शिवलेले पडदे तिने बोटांनी चाचपले. बाई लेनच्या गोष्टी सांगू लागल्या. कुठल्याशा शेतात गाय खिडकीतून डोकं घालून त्याची टोपी खात होती, ही गोष्ट ऐकून एव्हरिल हसली. मला त्या हसण्यामागे खोकला येईल असं वाटलं. आला नाही. बाहेर लख्ख ऊन होतं आणि सगळी दारं-खिडक्या सताड उघडी होती, म्हणून आत ओलीचा वास नव्हता, हे तेव्हा माझ्या लक्षात यायला हवं होतं.

दुसरा कप संपल्यावर विल्फ उठला आणि भिंतींवर हात फिरवत मागे गेला. मी त्याच्या मागे होतो. मागच्या खिडकीखाली त्याने अंगठा टेकवला आणि तो आत गेला. पाव दाबावा तसा. क्षणभर अंगठा तिथेच राहिला. मग त्याने मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

"सापडलं का काही?" बाईंनी पुढून विचारलं. कप त्यांनी दोन्ही हातांत धरला होता.

विल्फने अंगठा काढला. खड्डा हळूहळू भरून आला.

"नाही हो," तो म्हणाला. "छान ठेवलीय तुम्ही."

मी काही बोललो नाही. घेणारा तो, त्याच्या बायकोसमोर मी कशाला तोंड घालू, असं मी स्वतःला सांगितलं. त्या वेळी ते मला पटलंही.

त्याने किंमतही पाडून मागितली नाही. हात मिळवला. परतीच्या वाटेवर एव्हरिल उशांचे अभ्रे कुठल्या रंगाचे शिवायचे ते ठरवत होती. घरी पोचल्यावर फाटकाशी विल्फ मला हळूच म्हणाला, "कोपरा एवढासाच आहे. सुकवला की झालं."

"हो," मी म्हणालो.

त्याने हवेतली ओल शोषणारं यंत्र आणलं आणि स्वयंपाकघरातून वायर ओढून कॅरव्हॅनमध्ये चालू ठेवलं. रोज सकाळी त्यातलं पाणी तो गुलाबांना घालायचा. एव्हरिलला सांगितलं, बॅटरी चार्ज होतेय. आतला कागद सोलला तेव्हा मागचं लाकूड काळं पडलेलं, चहाच्या चोथ्यासारखं हातात येत होतं. बुरशी थेट बिछान्याच्या फळीपर्यंत पोचली होती. त्याने त्यावर एक नकाशा चिकटवला.

मे महिना आला. एव्हरिलने अभ्रे शिवले, डबे भरले. विल्फ म्हणाला, ब्रेक बघायला हवेत. मग टायर. मग म्हणे फायलीला जागा मिळत नाही. कॅरव्हॅनची किल्ली तो स्वतःच्या खिशात ठेवू लागला.

जूनमध्ये एका दुपारी भिंतीपलीकडून तिचा आवाज आला. "सरळ सांग ना, विल्फ. म्हातारी खोकत असते, चार लोकांत घेऊन जायची लाज वाटते. मी रडणार नाही."

"असं काही नाही गं."

"मग किल्ली दे."

मग विल्फ माझ्या दाराशी आला. "मॅनी, ये जरा. मला एकट्याला सांगता येणार नाही."

मी गेलो. त्याने सगळं सांगितलं. अंगठा, चहा, नकाशा. एव्हरिल खुर्चीत ताठ बसून ऐकत होती.

"म्हणजे त्या भिंतीशी डोकं ठेवून तू मला झोपवणार होतास?"

"नाही! म्हणून तर नेत नव्हतो."

"आणि मी दोन महिने आरशात बघतेय, की एवढी कशी मी नकोशी झाले." तिने फोन जवळ ओढला. "तिचा नंबर दे."

"एव्हरिल, नको. बाईचा नवरा जाऊन वर्ष नाही झालं. विधवा बाई आहे ती."

"हो ना. आणि तू विधुर व्हायला निघालायस, त्याचं काय?"

तिने फोन लावला आणि सरळ सांगितलं. माफी नाही, हवापाण्याची चौकशी नाही. पलीकडून मिसेस थॅकरे काय बोलल्या ते तिने फोन ठेवल्यावर आम्हाला सांगितलं. आमच्या आधी दोघं जण येऊन गेले होते आणि दोघांनीही त्याच कोपऱ्यात ओल आहे म्हणून सांगितलं होतं. बाईंना ते खरं वाटेना. लेनने ती कॅरव्हॅन जिवापाड जपलेली. मग विल्फ आला, त्याने तिथेच अंगठा दाबला आणि छान म्हणाला. बाईंना वाटलं, आधीचे दोघे किंमत पाडायला खोटं बोलले.

"तुझ्या शब्दावर विश्वास ठेवला तिने," एव्हरिल म्हणाली. "रडत होती. परत घेते म्हणाली."

विल्फ कानांपर्यंत लाल झाला होता.

शनिवारी आम्ही कॅरव्हॅन परत सोडायला गेलो. बाईंनी चहाला बोलावलं. एव्हरिल गाडीतून उतरली, त्यांचा हात हातात घेतला, "आज नको," म्हणाली आणि परत येऊन बसली. विल्फ एकटाच ती अंगणात लावून आला.

निघाल्यावर तिने समुद्राकडे गाडी घ्यायला सांगितलं. हॉर्नसीच्या धक्क्यावर वारा बोचरा होता. विल्फ म्हणाला, "काच उघडू नकोस, छातीला लागेल." तिने उघडली. पाण्याकडे बघत ती दमानं श्वास घेत होती, मोजून मोजून. मध्ये खोकली. विल्फचा हात पुढे आला तो तिने बाजूला केला.

"रात्री समुद्राचा आवाज कसा येतो," ती म्हणाली. "विसरलेच मी."

मग मागे न वळता तिने विचारलं, "मॅनी, तू पाहिलं होतंस?"

"हो," मी म्हणालो.

"आणि गप्प बसलास."

"हो."

थोड्या वेळाने तिला थंडी वाजायला लागली आणि आम्ही घरी आलो.

जुलैत त्यांनी आणखी दोन कॅरव्हॅन पाहिल्या. भिंती दाबायचं काम आता एव्हरिल करते. चार ठिकाणी दाबलं की तिला धाप लागते आणि बसावं लागतं. दोन्हींत ओल निघाली. तिने तसं मालकांना तोंडावर सांगितलं, आणि विल्फ तेवढा वेळ रस्त्यावर जाऊन उभा राहिला. ऑगस्ट लागला आहे. मला त्यांनी पुन्हा बरोबर बोलावलेलं नाही.