गेरूची खूण

यंत्र उघडण्याआधी आप्पा त्याच्यावर बोटाने दोनदा टकटक करायचे आणि विचारायचे, "येऊ का आत?" जुना कॉम्प्युटर असो की टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम, न विचारता ते कधी आत शिरले नाहीत. क्षणभर थांबून माझ्याकडे बघायचे. "न्हाई म्हनलं न्हाई. चला, सर."

मी मंचरला कॉम्प्युटर क्लास चालवायचो, म्हणून 'सर'. आप्पा महाळुंगे पडवळचे. तरुणपण मेंढरांमागे गेलं, मग थोडी शेती, आणि साठीनंतर हे खूळ. भंगारवाल्याकडून बंद पडलेले डबे आणायचे आणि रविवारी मला निरोप धाडायचे. मीही सगळी कामं टाकून जायचो.

दुरुस्तीशी त्यांचं काही देणंघेणं नव्हतं. कुणी आशेने काही आणून दिलं, तर ते स्वच्छ पुसून, आलं तसंच मेलेलं परत जायचं. कुणी कुरकुरलं की म्हणत, "आजारी मानसाला आपन भेटाया जातो. त्यो काय लगीच उठून बसतो व्हय?"

एकदा व्हिडिओ गेमची कॅसेट उघडली. वर शेकडो खेळांची नावं छापलेली, आत एक इवलीशी पट्टी आणि तिच्यावर काळा थेंब. आप्पा कितीतरी वेळ बघत राहिले. "एवढा बारदाना, आन् बिऱ्हाड बगा, डांबराचा ठिपका! लई गुण्यागोविंदानं ऱ्हात असतील राव." जेवायला वाढेपर्यंत त्यांनी ती पट्टी हातातून सोडली नाही.

ओसरीवर घोंगडी अंथरून तिच्यावर ते स्क्रू आणि भाग काढले त्या क्रमाने मांडत. कळपातलं मेंढरू ओळखू यावं म्हणून पाठीवर खूण करतात, तशी प्रत्येक भागावर ओल्या गेरूची खूण करायची त्यांची रीत. मेलेल्या यंत्रांनी कधी तक्रार केली नव्हती.

मग त्यांना चालतं यंत्र आतून बघायची हौस आली. क्लासचा पहिला कॉम्प्युटर मी फार जपला होता, तरी त्यांच्यासाठी घेऊन गेलो. मी आप्पांच्या पत्नीच्या, काकूंच्या, हातचा चहा घेत होतो, तेवढ्यात आप्पांनी त्याच्या आत सवयीने ओल्या गेरूच्या खुणा केल्या. मी न बघताच बटण दाबलं. चट् आवाज आला, जळका वास आला, आणि तो कायमचा बंद पडला.

"आप्पा, ही मेंढरं नाहीत!" मी ओरडलो. "ठेवा आता हा तुमच्याकडेच." ते गेरूने माखलेलं बोट धोतराला पुसत राहिले. ते बोट आठवलं की मला आजही माझीच लाज वाटते.

पुढे निरोप आले, मी गेलो नाही. आधी राग होता, मग संकोच. भीमाशंकरला जाताना दोनदा वाटेत त्यांच्या गावाकडे वळावंसं वाटलं आणि दोन्ही वेळा गाडी सरळ नेली. गेलो तो एकदम त्यांच्या तेराव्यालाच.

काकूंनी मला मागच्या खोलीच्या दारापर्यंत नेलं. आत घोंगडी अंथरलेली आणि तिच्यावर माझा कॉम्प्युटर, सुटा सुटा मांडलेला. गेरूचा डाग कुठेही नव्हता. प्रत्येक स्क्रूला लोकरीचा धागा बांधलेला, काळा, पांढरा, करडा, आणि तो जिथून काढला त्या भोकातही त्याच रंगाचा धागा.

"गेरू सोडला त्यांनी त्या दिसापास्नं," काकू म्हणाल्या. "मी म्हनायची, लावून टाका आता. तर म्हनायचे, सर येतील, मंग दोघं मिळून लावू. कुनाला हात लावू दिला न्हाई."

मी उंबऱ्याबाहेरच उभा राहिलो. मला रडू आवरेना. नकळत हात चौकटीवर गेला आणि दोनदा टकटक झाली.

"येऊ का आत, आप्पा?"

नाही म्हणायलासुद्धा आत कुणी नव्हतं.