पुलाच्या बाजूने

टूरिस्टकाका दोन महिने परदेशात मुलाकडे राहून आले आणि गल्लीला फोटो दाखवायला बसले, तेव्हा त्यांच्या मोबाइलमध्ये फक्त पूल निघाले. राजवाडा नाही, बाग नाही. सूनबाई एका फोटोत अर्धी आली होती, तीही तिच्या मागे पूल होता म्हणून. मुलाचं शहर नदीवर वसलेलं. तिथे पायी चालणाऱ्यांसाठी वेगळे पूल, शिवाय बोट आली की मधोमध दुभंगून वर उचलले जाणारे पूल. काका रोज सकाळी पाण्याची बाटली खांद्याला अडकवून निघायचे आणि एकेक पूल बघून यायचे. "म्यूझियम काय, कधीही बघता येतं," ते सांगत होते. "पूल उघडताना बघायचा तर तिथे जाऊन उभं राहावं लागतं." त्या दिवशी डोंबिवलीतल्या आमच्या गल्लीने त्यांचं नाव टूरिस्टकाका ठेवलं.

परत आल्यावरही त्यांचं पर्यटन थांबलं नाही. दर रविवारी टोपी घालून निघायचे. कधी कोपरी, कधी दिवा, कधी कल्याण. पादचारी पुलाच्या मधोमध कठड्यावर हात ठेवून उभे राहायचे. लोक खेकसायचे, "ओ काका, साइडला व्हा ना, रस्ता आहे हा!" काका टोपी काढून म्हणायचे, "सॉरी हं. मी टूरिस्ट."

मला संताप यायचा. मी आंदोलनांची पत्रकं लिहिते. 'रखडलेला' हा शब्द आधी लावल्याशिवाय माझ्या पत्रकात पूल कधी येतच नाही. एकदा म्हटलं, "काका, यात बघण्यासारखं काय आहे? गंजलेला कठडा, उखडलेल्या फरश्या, पिचकाऱ्या. लाज वाटायला हवी आपल्याला."

"ते तू लिही. मी आधी बघतो. न बघता लिहिलं की सगळ्या पुलांचं एकच पत्रक होतं, बाळ."

माझी तीन पत्रकं फक्त पुलाचं नाव बदलून छापलेली होती.

आमच्या गल्लीच्या टोकाला नाल्यावर एक पूल आहे, माणसांपुरता. पलीकडे शाळा, भाजीबाजार आणि काकूंची थोरली बहीण, माई. माई एकट्या, अंथरुणाला खिळलेल्या. काकू रोज साडेअकराला डबा घेऊन चार मिनिटांत पलीकडे जायच्या आणि बहिणीला भरवून यायच्या. एका सकाळी पुलाच्या दोन्ही टोकांना पत्रे ठोकलेले दिसले. 'दुरुस्तीसाठी बंद.' किती दिवस, कुणी बंद केला, विचारायचं कुणाला, काहीही लिहिलेलं नाही. मोठ्या रस्त्याने वळसा अर्ध्या तासाचा. काकूंचे गुडघे तेवढं चालणारे नव्हते आणि इतक्या जवळ यायला रिक्षावाले तयार नसत. मग काका डबा नेऊ लागले. पण माई बहिणीखेरीज कुणाच्या हातून दोन घासांपुढे खात नसत.

चार महिने आम्ही अर्ज केले. मग ठरवलं, पत्रे आपणच काढायचे. डबा घेऊन पहिलं पाऊल काकूंनी टाकायचं, फोटो मी काढायचा. पत्रकाचा मथळाही तयार होता: 'बहिणीच्या घासाआड पत्रा.' काकू चांगलं पातळ नेसून आल्या होत्या. पोरांनी पत्रा उचकटला, घोषणा सुरू झाल्या, आणि काका छत्री घेऊन पुढे आले. "जरा थांबा. आधी टूरिस्टला जाऊ द्या."

छत्रीने ठोकत ठोकत ते पुलाच्या मध्यापर्यंत गेले, गुडघ्यांवर बसले, फटीतून खाली बघत राहिले. परत येऊन म्हणाले, "नाही. मधली फरशी नुसती टेकून राहिलीये. खालचं लोखंड गेलंय."

"काका, एवढी माणसं जमलीयत!" मी ओरडले.

"म्हणूनच म्हणतोय."

मागून कुणीतरी म्हणालं, "ओ काका, तुम्ही नक्की कुणाच्या बाजूने?"

"पुलाच्या."

काकू डबा घेऊन तशाच उभ्या. हळूच म्हणाल्या, "अहो, चार पावलं तर आहेत. ती वाट बघत असेल."

काकांनी त्यांच्या हातातून डबा घेतला. "मी नेतो वळशाने. तू घरी जा." आणि बांधायला तार घेऊन कुणी येईपर्यंत, डबा पायाशी ठेवून, तो पत्रा दोन्ही हातांनी जागेवर धरून उभे राहिले.

मी महिनाभर त्यांच्याशी बोलले नाही. पावसाळ्यात मधली फरशी खाली गेली. तेव्हा पुलावर कुणी नव्हतं. 'पूल कोसळला!' असं पत्रक मी काढलं. आम्ही काय करायला निघालो होतो, ते त्यात लिहिलं नाही.

तोवर काकांनी नवंच सुरू केलं होतं. सकाळी आठ ते नऊ पत्र्यासमोर घडीची खुर्ची टाकून बसायचं आणि येईल त्याला सांगायचं: "आज बंद आहे. उद्याही असेल. शाळेत जायचं तर डावीकडून, अर्धा तास धरा."

मला राहवलं नाही. "काका, त्यांचं काम तुम्ही का करताय? हे आंदोलन आहे की सेवा?"

"तिथे पूल वर गेला की दोन्हीकडे माणसं थांबतात," काका म्हणाले. "कुणी ओरडत नाही. मला आधी वाटलं, काय शिस्त! मग पाटी दिसली, किती मिनिटं थांबायचं त्याची. आणि केबिनमध्ये पूल चालवणारी बाई. कुणीही तिच्याकडे बघू शकतं." मग म्हणाले, "मी तीस वर्षं ठाण्याच्या कचेरीत खिडकीत बसलो. येईल त्याला 'उद्या या' म्हणायचो. उद्या काय होणार, मलाही ठाऊक नसायचं. तेवढं जरी सांगितलं असतं ना, तर कल्याणहून आलेल्या माणसाची पुढची खेप वाचली असती."

माई थंडीत गेल्या. निरोप आला तेव्हा काकूंना रिक्षा मिळेना. अखेर चालत निघाल्या. पोचल्या तेव्हा सगळं संपलं होतं. त्यानंतर काकूंनी नाल्याच्या बाजूची खिडकी कधी उघडली नाही. काकांना त्या एक शब्द बोलल्या नाहीत. मलाही नाहीत, आणि ते मला जास्त लागलं.

उन्हाळ्यात मुलगा दोघांना घेऊन गेला. जायच्या दिवशी काकांनी खुर्ची माझ्या दारात आणून ठेवली. "तासभर बसलीस तरी पुरे. आणि घोषणा देऊ नकोस हं, लोकांना शाळेची घाई असते."

मी बसते. रोज नाही, पण बसते. पत्रकं आता कमी लिहिते. आधी जाऊन बघावं लागतं आणि बघून झालं की दमायला होतं. परवा पोरीला घेऊन एक बाई आली. "ताई, कधी उघडणार हो हा?" जाब, निषेध, धिक्कार, सगळे शब्द तोंडाशी आले. म्हटलं, "माहीत नाही. डावीकडून जा, अर्धा तास लागेल." तिने पोरीचं दप्तर स्वतःच्या खांद्यावर घेतलं आणि वळली.

काकांचे फोटो येतात. वर उचललेला पूल आणि खाली एक ओळ: 'आज सहा मिनिटं थांबलो. आपला?' मी लिहिते, 'बंद.'

काल फोटोत पहिल्यांदाच अख्खं माणूस होतं. पायी जायच्या पुलावर काकू, पाठमोऱ्या, हात रिकामे. खाली काकांनी लिहिलं होतं: 'ही आज एकटी पलीकडे जाऊन आली. काम काही नव्हतं.'