भास्कररावांना बसलेला एकुलता एक कोट

आमच्या ह्यांचं अंग देवाने घाईत बेतलंय. नाव भास्कर, उंची सहा फूट चार इंच, हात त्याहून लांब, आणि छाती मात्र कॉलेजातल्या पोराची. छातीला बसणारा शर्ट मनगटाच्या चार बोटं वर संपतो, आणि हाताला पुरणाऱ्या शर्टात आमची लेक अपूर्वाही सोबत मावेल. लखनौचे दुकानदार तर कहरच. "सर, फ्री साइज़ है, सबको आता है," म्हणत एकाने कुर्ता चढवला. तो ह्यांच्या मांड्यांवरच संपला.

त्यात हे मानक नगरला रेल्वेच्या संशोधन संस्थेत नोकरीला. आयुष्यभर स्प्रिंगा आणि रबराचे तुकडे तपासले. स्वतः तपासल्याशिवाय लिहिलेलं खरं मानायचं नाही. एका दुकानातलं बेचाळीस दुसरीकडच्या चाळिसाएवढं निघालं की झालं सुरू, "लेबलं खोटं बोलतात, मालिनी." माझे कान किटले.

फोटोच्या वेळी हे गुपचूप मागच्या रांगेत. आमच्या घरातल्या एकाही फोटोत ह्यांना हात नाहीत, नुसतं डोकं.

अपूर्वाचं लग्न ठरलं तेव्हा तिची एकच अट होती. "इस बार पापा आगे खड़े होंगे. मेरे साथ."

मग हजरतगंजच्या एका दुकानात निळा लोकरीचा बंदगळा कोट मिळाला. हे म्हणाले, नेहमीसारखंच होणार. घातला, तर बाही बरोबर मनगटावर. हे आरशासमोरून हलेनात, आणि मला मेलीला त्या सेल्समनसमोर रडू आलं.

लग्न दोन दिवसांवर आलं होतं. बाजारातून घरी येते तो कोट तारेवर पाणी गाळतोय.

"अहो, आत लिहिलं होतं ना, फक्त ड्राय क्लीन?"

"लेबलावर काय विश्वास ठेवायचा? म्हटलं मशीनमध्ये टाकून बघू, आटतो का."

"मग?"

"आटला."

जन्मात एक लेबल खरं बोललं, तर ह्यांनी त्याची परीक्षा घेतली. काय करावं या माणसाचं! आलमबागच्या शिंप्याने बाही उसवून दिली, त्यात जेमतेम अर्धा इंच मिळाला.

लग्नात तोच कोट घातला, दुसरा होता कुठे? फोटोची हाक आली आणि हे निघाले मागे. मी डोळे वटारले, उपयोग शून्य. अपूर्वाने वळून पाहिलं, शालू सावरला आणि व्याह्यांच्या खुर्च्यांना वळसा घालून ह्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

"मैडम, दुल्हन आगे," फोटोवाला म्हणाला.

"पापा यहीं खड़े होते हैं. मैं भी यहीं हूँ."

मग नवरदेव समीर मागे गेला, पाठोपाठ मीही गेले. पुढे खुर्च्यांवर नुसते व्याही. मी ह्यांच्या कानात कुजबुजले, निदान बाही तरी खाली ओढा. ओढली नाही.

तो फोटो आता हॉलमध्ये लावलाय. त्यात ह्यांचा हात आहे, अपूर्वाच्या खांद्यावर, मनगटापासून चांगला वीतभर उघडा.