मिठाच्या पाण्याचा गंज

एखाद्या भल्या माणसाला त्याच्याच डोळ्यांवर संशय घ्यायला तुम्ही कधी लावले आहे काय? मी लावले आहे.

लातूरच्या आयटीआयमध्ये मी फिटर ट्रेड शिकवतो. सायंकाळी सत्तारभाईंच्या लेथच्या वर्कशॉपमध्ये आमची बैठक बसे: ते, मी आणि फिजिक्सचे केंद्रे सर. विकत घेणे शक्य नव्हते, म्हणून संगणकाच्या हुकुमाने धातू कापणारे सीएनसी मिलिंग मशीन आपणच बांधायचे, असा आमचा बेत होता. अशा बैठकीचे किस्से लेथखालच्या किसासारखे साठतात. वेळीच झाडले नाहीत, तर पायात रुततात.

*

बेताचे मूळ भूकंपात. नव्या वसाहतीतील घरांसाठी सत्तारभाईंनी दारांच्या लोखंडी पट्ट्या केल्या. भोके हाताने पाडलेली. काही दारे लागेनात. ते स्वतः कानस घेऊन गेले. एक म्हातारी म्हणाली, “ऱ्हाऊ द्या भाई. दार न लागल्यालंच बरं, भाईर पळाया सोपं!”

सत्तारभाई हसले नाहीत. परतल्यावर म्हणाले, “सर, हात थकतो. न थकणारी मशीन पायजे.”

*

केंद्रे सर ड्रॉइंग काढीत ते कोचिंगच्या सराव-परीक्षांच्या पाठकोऱ्या कागदांवर. सत्तारभाई कागद उलटून विचारीत, “मशीनच्या बेडची लांबी अ, ब, क का ड?”

“यांपैकी नाही,” केंद्रे सर सांगत. “अजून बदलून राहिलो!”

*

पुढे वर्कशॉपच्या माडीवरच एक क्लास आला. त्याचे मालक तक्रार घेऊन खाली उतरले, “तुमच्या आवाजानं पोरांचं ध्यान उडतं.”

“तुमचे सर माईकवर वरडतात, माझं माप चुकतं,” सत्तारभाई म्हणाले. “मी आलो का वर?”

महिनाभरात केंद्रे सरच तिथे शिकवू लागले. मशीनच्या मोटारी चालवणारे इलेक्ट्रॉनिक कार्ड त्यांनी आधीच पूर्ण करून दिले होते; बैठक मात्र सुटली. छतातून माईकचा आवाज आला की सत्तारभाई वर पाहत आणि म्हणत, “आले आपले सर.”

*

राहिला होता तो बेड, म्हणजे मशीनचा बीडाचा, ओतीव लोखंडाचा पाया. त्यावरच सगळे मशीन सरकणार, म्हणून तो आरशासारखा सपाट हवा. सपाट प्लेटला निळा रंग लावून ती बेडवर फिरवायची. उंचवट्यांना रंग लागतो, तेवढेच स्क्रेपरने खरवडायचे. पुन्हा रंग, पुन्हा खरवडणे. महिनोन्महिने.

सत्तारभाईंना काचबिंदू होता. ते म्हणाले, “नजर हाय तवर हा एक बेड हातानं करतो. माझं शेवटचं काम समजा. पण कास्टिंग जुनं आणा, सर. चार पावसाळे खाल्लेलं. ताजं बीड आतून हलत ऱ्हातं, मागनं वाकतं.”

नांदेडच्या एका फाउंड्रीत तसे एक ओतीव धूड मी हेरून ठेवले होते. गेलो, तर ते विकले गेलेले! खंडेनवमीला बेडची पूजा करायची, असा माझा संकल्प होता. देवाला शब्द दिला आहे, असे मी स्वतःला बजावले आणि ताजेच कास्टिंग घेऊन आलो.

ते आठवडाभर माझ्या अंगणात होते. सकाळची पूजा आटोपली की तांब्याभर मिठाचे पाणी मी त्यावर ओतीत असे. छान गंज चढला.

“जुनंच हाय ना, सर?” सत्तारभाईंनी हात फिरवत विचारले.

“हो,” मी म्हणालो. पूजा मुहूर्तावर झाली.

*

सात महिने त्यांनी तो बेड खरवडला. एके दिवशी निळा रंग सर्वत्र सारखा उमटला. त्यांनी पेढे वाटले, माडीवर केंद्रे सरांनाही पाठवले.

उन्हाळा गेला. मशीन जोडण्यापूर्वी त्यांनी पुन्हा रंग लावून पाहिला. रंग फक्त दोन कडांना लागला. मध्ये बेड कोरडा!

त्यांनी प्लेट पुन्हा फिरवून पाहिली. मग चष्मा काढून पुसला. “बेडचं काही न्हाई सर,” ते म्हणाले, “माझी नजरच गेली होती. मला कळलं न्हाई.”

तेव्हा मी बोलायला हवे होते. मी चहा मागवला.

त्यांनी स्क्रेपर तेलाच्या फडक्यात गुंडाळून ठेवला. बारीक कामाची गिऱ्हाइके ते परत पाठवू लागले. “आता मला दिसत न्हाई,” असे ज्याला त्याला सांगत. दोन वर्षे मी ते ऐकले. रोज पोथी वाचत होतो आणि ऐकत होतो.

*

शेवटी एका दुपारी त्यांना सगळे सांगितले. मिठाच्या पाण्यासकट.

ते रागावले नाहीत. फडके सोडले, स्क्रेपर माझ्या हातात दिला. “बेड आता मुरला असंल. घ्या, खरवडा.”

तेव्हापासून मी खरवडतो आहे. माझ्या हातात ती कला नाही. शिकवणे वेगळे. ते तळवा फिरवतात आणि म्हणतात, “न्हाई, सर. अजून न्हाई.”

मागच्या आठवड्यात आयटीआयचा माझाच वर्ग वर्कशॉप पाहायला आला. एका मुलीने विचारले, “सर, इतकी वर्षं झाली, हा बेड अजून अपुरा कसा?”

मी सत्तारभाईंकडे पाहिले. त्यांनी चालू लेथ बंद केला.

“सांगा सर,” ते म्हणाले. “मागच्या पोरांना बी ऐकू जाऊ द्या.”