हलगी शेकण्याचा हुन्नर

खरं म्हणजे ही गोष्ट मी कुणाला सांगत नाही. पण अख्ख्या गेवराईला ती माहीत आहे, मग तुम्हीच काय पाप केलंय? चहा येईपर्यंत ऐका.

स्टँडजवळ माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. पीकविमा, घरकुल, निराधार, शिष्यवृत्ती, म्हणाल ते. माझ्या हातचा अर्ज सहसा परत येत नाही, आणि हे मी लोकांना न विचारता सांगत असतो.

एक दिवस तलवाड्याचे किसनमामा आले. आमच्या भागात हलगी म्हटलं की किसनमामा. सोबत रशीदभाई. रशीदभाई तसे रेडिएटरचे मिस्त्री, पण किसनमामा कुठंही वाजवायला गेले की हलगी शेकायला तेच. हलगीचं कातडं सैल पडतं, मग ते उसाच्या पाचटाच्या जाळावर धरून ताणून घ्यावं लागतं. वीस वर्षं हे काम रशीदभाईंनीच केलेलं.

तर किसनमामांना अमेरिकेतल्या मराठी मंडळानं वाजवायला बोलावलं होतं. मंडळाच्या वकीलबाई मूळच्या पुण्याच्या. त्यांनी मला फोनवर सगळं समजावलं. असामान्य गुणवत्तेच्या कलावंतासाठी तिकडं वेगळा व्हिसा असतो, आणि त्याच्या मदतनिसाला त्याच्यासोबत जाता येतं. मंडळ एकच मदतनीस नेणार होतं.

"पण मदतनिसाचं काम दुसऱ्या कुणाला जमण्यासारखं नाही, हे सिद्ध करावं लागतं," बाई म्हणाल्या. "आणि कागद पंधरा दिवसांत हवेत, नाहीतर कार्यक्रम हातचा जाईल."

एक मदतनीस. माझ्या डोक्यात तिथंच विमान सुरू झालं.

"रशीदभाई, पासपोर्ट हाय का तुमचा?"

"न्हाई भाऊ."

"मग अवघड हाय. पंधरा दिसात कुठला व्हतोय."

माझ्या दुकानात 'तत्काळ पासपोर्ट काढून मिळेल' अशी पाटी आहे. त्या वेळी मी तिला पाठ लावून बसलो होतो, हे इथं कबूल करतो.

रशीदभाईंनी किसनमामांच्या खांद्यावर हात ठेवला. मग म्हणाले, "मग तुमीच जा भाऊ. किसनला इंग्रजी येत न्हाई, सोबत जाणता माणूस पायजे. किसन गेला म्हंजे मी गेल्यासारखंच हाय."

हे ऐकून माणसाला लाज वाटायला हवी. मला वाटली, पण दहा दिवस उशिरा.

घरी सांगितलं तर बायको म्हणाली, "तुमी हलगी शेकणार? तुमाला गॅसवर पापड भाजता येत न्हाई."

मी तिकडं दुर्लक्ष केलं आणि अर्जाला बसलो. आता बघा, अर्ज म्हणजे काय? समोरच्या साहेबाला आपली दया आली पाहिजे. माझा सगळा अनुभव हाच. म्हणून किसनमामांच्या नावानं मी उत्पन्नाचा दाखला जोडला, रेशनकार्ड जोडलं, भूमिहीन असल्याचा दाखला जोडला. सरपंचांचं पत्र घेतलं: 'सदर इसम गरीब व होतकरू असून त्यांस उपजीविकेचे अन्य साधन नाही.'

किसनमामांनी पिशवीतून राज्य पुरस्काराचा फोटो काढला होता. पेपरातली कात्रणंही होती.

"हे लावायचं न्हाई का?"

"मामा, शाल-नारळ घेतलेला माणूस साहेबाला सधन वाटतो. घरकुलाच्या टायमाला ह्या फोटोपायीच अर्ज अडकलता, इसरले का?"

मामांनी फोटो परत पिशवीत ठेवला.

मदतनिसाच्या अर्जात मात्र मला गरिबी दाखवायची गरज नव्हती. तिथं मी तीन पानं लिहिली. 'सदर व्यक्तीच्या शेकण्याशिवाय हलगी ही केवळ कातड्याचा तुकडा होय', हे दुसऱ्या पानावर. तिसऱ्या पानावर तर मी स्वतःबद्दल असं काही लिहिलं की वाचून मलाच माझ्याबद्दल आदर वाटला.

दोन दिवसांनी बाईंचा फोन आला. आवाज अगदी शांत होता.

"तुमचे कागद वाचले. यावरून असामान्य गुणवत्ता तुमच्यात दिसतेय. किसनराव तुमचे मदतनीस आहेत का?"

"न्हाई, न्हाई. ते वाजवतात."

"तसं कुठंच लिहिलेलं नाही. ते गरीब आहेत एवढंच कळतं. शुक्रवारी संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर दोघांचं काम दाखवा. मी रेकॉर्ड करून ठेवीन."

शुक्रवारी आम्ही रशीदभाईंच्या गॅरेजमागं जमलो. पाचट पेटवलं. मोबाइल धरायला रशीदभाई. मी पांढरा शर्ट घालून, केस विंचरून, हलगी हातात घेऊन उभा. कॉलवर पलीकडं बाई आणि मंडळाचे अध्यक्ष.

मी हलगी जाळावर धरली आणि कॅमेऱ्याकडं बघून हसलो.

"भाऊ, हात हालता ठेवा," मोबाइलमागून रशीदभाई हळूच म्हणाले.

मी हात हलवला, टाटा करताना हलवतात तसा. दुसरा. हलगीचा तसाच राहिला.

"भाऊ, बस झालं."

मी बाईंना हलगीचा इतिहास सांगत होतो.

"भाऊ, वास येतोय."

तेवढ्यात फट्ट असा आवाज झाला. कातड्याला मधोमध भोक पडलं होतं, आणि त्यातून मला किसनमामांचं तोंड दिसत होतं. वडिलांच्या वेळच्या लोखंडी कड्यावर त्यांनी स्वतः चढवलेलं कातडं होतं ते. मामांनी माझ्या हातातून हलगी घेतली आणि फाटलेली कड बोटानं चाचपली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

बाईंनी विचारलं, "किसनराव, हे काम एरवी कोण करतं?"

मामा माझ्याकडं न बघता म्हणाले, "रशीदभाई करतो बाई. वीस वर्सं झाली."

"मग त्यांचं नाव का नाही दिलं?"

याचं उत्तर फक्त मला माहीत होतं. मी जाळात पाचट सारायला लागलो.

रशीदभाईंनी मोबाइल माझ्या हातात दिला, पिशवीतून दुसरी हलगी काढली आणि जाळाशी उकिडवे बसले. हलगी फिरवत राहिले. मधेच कानाशी नेऊन बोटानं टिचकी मारायचे, पुन्हा फिरवायचे. मग काही न बोलता मामांकडं दिली. मामांनी हलगीवर पहिली काडी मारली आणि रस्त्यावरचे मोटारसायकलवाले थांबले. ही दोन माणसं काय आहेत, हे मला तेव्हा कळलं, आणि त्यांच्यामधली जागा मी कशी लाटली होती तेही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रशीदभाईंचा तत्काळ पासपोर्टचा अर्ज भरायला घेतला. "भाऊ, पंधरा दिसात व्हत न्हाई म्हनलतात ना?" त्यांनी विचारलं. मी पाटीकडं बोट दाखवलं. त्यांनी पाटी सावकाश वाचली आणि फक्त "अच्छा" म्हणाले.

मामांचा पुरस्कार, फोटो, कात्रणं सगळं लावलं. तिकडच्या हॉलमध्ये जाळ चालत नाही, म्हणून रशीदभाईंनी विजेच्या शेगडीवर हात बसवला. दोघांनाही व्हिसा मिळाला आणि दोघं कार्यक्रम करून आलेसुद्धा. माझ्यासाठी चॉकलेट आणलं.

पण एक सांगायचं राहिलं. शेवटच्या फायलीसाठी बाईंचा पुन्हा फोन आला होता. रशीदभाईंचं काम दुसऱ्या कुणाला जमण्यासारखं नाही, याला पुरावा हवा होता.

"पुरावा आहे माझ्याकडं," बाई म्हणाल्या. "तुमचा व्हिडिओ. फक्त एक प्रतिज्ञापत्र लागेल तुमचं."

मग मी माझ्याच दुकानात, माझ्याच हातानं टाइप केलं: 'व्हिडिओतील व्यक्ती मीच असून मला हे काम येत नाही.'

आजवर या दुकानातून लोकांची ढीगभर प्रतिज्ञापत्रं गेली. शब्द न् शब्द खरं असलेलं ते पहिलंच.